नदी गावात यायच्या आत

धामणखेड
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

दयाराम,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. ज्याला एकोणीस वर्षांत साधं कार्ड टाकलं नाही, त्याला एकदम प्रिय म्हणायला हात धजेना. नुसतं नाव राहू दिलं. नाहीतरी मी तुला नुसत्या नावानेच हाक मारायचो. 'दयाराम, दगड काढला,' एवढं म्हटलं की तू ब्रेक सोडायचास आणि आपला बंब उतारावरून घरंगळत सुरू व्हायचा. बॅटरीचा भरवसा नव्हता, म्हणून गाडी कायम उतारावर, तोंड रस्त्याकडे. चाकाखालच्या त्या दगडाला तू शेंदूर फासला होतास. नवीन भरती झालेली पोरं त्याच्या पाया पडायची आणि तू गंभीर तोंडाने सांगायचास, "पाया पडा, पण हलवू नोका."

तो दगड अजून आहे. अग्निशमन केंद्राच्या फाटकाशी एका कुंडीला टेकू दिलाय त्याचा. शेंदूर उडाला, पण मी ओळखला.

तुझा पत्ता गणेशने दिला. हो, आपला गणेश, तुझ्या हाताखाली पंप शिकलेला. आता त्याचेच केस पिकले, नोकरीची दहा वर्षं राहिली असतील. तो म्हणाला, "दयारामकाका देऊळगाव राजाले बालाजीच्या देवळामागं राह्यते. शाळेची गाडी चालवे, ते बी सोडलं. आता नातीले शाळेत सोडते न घेऊन येते." नंबर मागितला तर म्हणाला, "नंबर हाय, पण तुम्हाले देऊ नको म्हणला." मी म्हटलं, पत्त्याबद्दल काही म्हणाला का? तर हसला. पत्ता दिला.

माझी सून डिंपल सकाळपासून हिणवतेय. "बाबा, आजकाल पत्र कोण लिह्यते? लोक समजतीन कोर्टाची नोटीस आली." समजू देत.

कारण असं. आपल्या केंद्राला नवी गाडी मिळाली. पाच हजार लिटरची टाकी, बटण दाबलं की सुरू. दगड नको, उतार नको. प्रमुख म्हणून पूनमताई आल्या आहेत. बाई आहेत, तिशीच्या आतबाहेर, हिवरा आश्रमाकडच्या. परवा घरी आल्या होत्या. खांडेनवमीला गाडीची पूजा करायची आणि ती माझ्या हातून, असं त्यांच्या मनात आहे. "सर, परंपरा तुमची, तुम्हीच करा." यंदा नवमी एक ऑक्टोबरला आहे. तू कॅलेंडर काढशील तर दिसेल, त्या वर्षीही एक ऑक्टोबरच होती.

तू ये. एवढंच सांगायला हे पत्र. गावातले जुने लोक अजून म्हणतात, दयारामने सामान तपासलं नाही म्हणून आगीत जिनिंग कारखान्याचा कापूस गेला आणि सोजराबाईचे हात जळाले. परवा न्हाव्याकडे बसलो होतो, तिथे हेच बोलणं निघालं. मी आरशात बघत बसलो. मान हलवायची सोय नव्हती, मानेवर वस्तरा होता.

त्या दिवसाविषयी मला तुझ्याशी बोलायचं आहे. कागदावर नाही, समोरासमोर.

नारायणराव

•

धामणखेड
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

दयाराम,

आठ दिवस झाले, उत्तर नाही. पोस्टमन रोज दारावरून जातो आणि डिंपल आतूनच ओरडते, "काही नाही बाबा, लाइटबिल हाय."

तू उत्तर देणार नाहीस असं धरून मीच बोलत राहतो. तुला ती सवय आहे. अठरा वर्षं गाडीत शेजारी बसून मीच बोलायचो, तू चालवायचास.

गेल्या आठवड्यात तीनदा केंद्रावर जाऊन आलो. पूनमताईंनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग मला विसरून कामाला लागल्या, ते मला फार आवडलं. आता बूट असे ठेवतात की विजार बुटांवरच गुंडाळून उभी असते. पाय घातला, वर ओढली, तयार. आपण पट्टा शोधत पळायचो. होजचे पाइप वाळवायला आता लोखंडी मनोरा आहे. आपण पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून सोडायचो आणि नळावरच्या बाया म्हणायच्या, "बंबवाल्यायचे धोतरं वाळून राह्यले." एकदा तू खालून उत्तर दिलंस, "मावशे, तुह्या नवऱ्याचं बी आण, वाळवून देतो." ती मावशी पुढे महिनाभर तुला बघून पदर तोंडाला लावायची.

मी तिथे बसलो असताना त्यांनी सराव घेतला. घंटा वाजली. पूनमताईंच्या हातात मोबाइल, त्यावर सेकंद पळत होते. आणि माझ्या ओठांवर काय आलं, तुला सांगायला नको.

नदीची कविता. चौथीच्या पुस्तकातली, पुंजाजी गुरुजींनी चालीवर पाठ करून घेतलेली. चार कडवी, प्रत्येकी चार ओळी. पहिल्यात नदी डोंगरावर जन्मते, दुसऱ्यात शेतं ओलांडून गावात येते, तिसऱ्यात गुरं पाणी पितात, चौथ्यात ती समुद्राला मिळते. गुरुजी म्हणायचे, घाईने म्हणायची नाही, नदी दम लागल्यासारखी वाहत नसते. केंद्रावर भिंतीचं घड्याळ बंद पडलेलं असायचं, म्हणून मी तीच माप म्हणून धरली. वर्दी आली, म्हणजे कुठे पेटल्याची खबर आली, की मी पहिली ओळ सुरू करायचो. नियम एकच: नदी गावात यायच्या आत बंब फाटकाबाहेर. आठ ओळी. नव्या माणसाला आधी हे हास्यास्पद वाटायचं, मग पंधरा दिवसांत त्याचे पाय त्या चालीवर पडायला लागायचे.

तू सोडून. तू म्हणायचास, "साहेब, तुमची नदी येळेवर पोचते, गाडीचं पाह्यलं पायजे. मले कविता-फविता येत नाही." इतकी वर्षं रोज ऐकूनही तुला एक ओळ आली नाही याचा मला राग यायचा.

त्या दिवशीच्या सरावात गाडी बाहेर पडली तेव्हा नदी शिवेवर होती. सातवी ओळ. पूनमताई म्हणाल्या, "बेचाळीस सेकंद, अजून कमी व्हायला पाहिजेत." मी म्हटलं, पुरेत. त्या म्हणाल्या, "सर, पुरेत असं आपण म्हणायचं नसतं, आगीने म्हणायचं असतं." मला असं कोणी शिकवलं नाही. मला गुरुजींनी चाल शिकवली.

मग त्यांनी ती गोष्ट काढली. गणेशने सांगितलं होतं वाटतं. "सर, तुम्ही पूजेला ब्रँचचा कलश करायचे म्हणे." ब्रँच म्हणजे होजच्या टोकाला लावायचं पितळी तोंड, हे त्यांना काय सांगायचं, पण मी उत्साहाने सांगत सुटलो. एक टोक रुंद, जिथे होज बसतो. दुसरं निमुळतं, जिथून पाणी सुटतं. निमुळतं खाली करून पाटावर उभी केली की हुबेहूब कलश. रुंद तोंडात पाणी नाही, नारळ नाही. झेंडूची फुलं लाल नाड्याने घट्ट बांधून त्याचा गेंद ठेवायचा. आपलं दैवत पाणी, आणि पाण्याच्या तोंडात फूल. ही कल्पना मला एका पहाटे सुचली होती आणि ती मला स्वतःलाच कवितेसारखी वाटली होती. बाहेरगावचे लोक येऊन बघून जायचे.

पूनमताईंनी वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "सर, ते फूल काढायचं केव्हा?"

दयाराम, मी म्हणालो, "संध्याकाळच्या आरतीनंतर."

तोंडातून आपोआप गेलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मी चहा तसाच टाकून घरी आलो. डिंपल विचारत होती, "बाबा, घाम काऊन आला?"

मी दोन दिवस विचार करतोय. तिथे परत जाऊन ते एक वाक्य खोडायला लावायचं, एवढंच काम आहे. पण खोडा म्हटलं की त्या विचारणार, का.

नारायणराव

•

धामणखेड
मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५

दयाराम,

काल घट बसले. डिंपलने परडीत माती भरली, गहू पेरले, मला म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा न पूजेले." मी बसलो नाही. माझ्या हातून पूजा नको वाटली.

समोरासमोर सांगेन म्हणालो होतो. तू येणार नाहीस आणि नवमी आठ दिवसांवर आली. आता कागदावरच सांगतो. तुला यातलं अर्धं ठाऊक आहे, पण तरी सगळं लिहितो, कारण मी ते कधीच कुठे लिहिलेलं नाही. जिथे लिहायचं होतं तिथे दुसरंच लिहिलं.

त्या दिवशी अकराला पूजा झाली. बाकीचे मागच्या खोलीत जेवायला बसले. तू पेढ्याचे हात पुसत आलास आणि म्हणालास, "साहेब, फूल काढून ब्रँच गाडीवर चढवू?"

मी म्हणालो, "राहू दे बे. आरतीपर्यंत राहू दे. तशीच गाडीवर लाव, हार घातलेल्या गाडीवर शोभते."

"अन् वर्दी आली तं?"

"नवमीच्या दिवशी कोण पेटते? देवाचं फूल आहे. मीच काढीन संध्याकाळी, तू हात लावू नको."

हे फक्त आपल्या दोघांत झालं. तू मान हलवलीस आणि ब्रँच फुलासकट आकड्याला लावलीस. मी साहेब होतो, तू चालक. दगडाच्या बाबतीत 'पाया पडा, पण हलवू नोका' म्हणणारा तू, आणि तुझ्या साहेबाला साधी उलटी गोष्ट कळली नाही, की पाया पडा, पण हलवा.

चारच्या सुमाराला वर्दी आली. दुसऱ्या दिवशीच्या, दसऱ्याच्या खरेदीच्या मुहूर्तासाठी जिनिंगच्या आवारात कापूस येऊन पडला होता, दोन गंज्या. आपण निघालो. नदी गावात यायच्या आत निघालो, हे मी पुढे सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो. रस्त्याच्या खड्ड्यांनी ते फूल आत, निमुळत्या तोंडाकडे सरकत गेलं असणार. गणेशने ब्रँच खेचली, होजला लावली, त्याला वरून काही दिसलं नाही. तू पंप दिलास. होज फुगला, अजगरासारखा ताठ झाला, आणि तोंडातून थेंब नाही. गणेश ओरडत होता, "काका, पानी, पानी." तू दाबाच्या काट्याकडे बघत होतास, काटा चढत होता. मग तू पंप बंद केलास, पळत गेलास, ब्रँच सोडवलीस आणि बोटांनी ते फूल ओरबाडून काढलंस. नाडा होता म्हणून ते फुटेना. पाकळ्या सुट्या असत्या तर पाण्याने उडवून दिल्या असत्या. माझी गाठ पक्की असते.

चौकशीला मी लेखी दिलं: 'पूजेनंतरची साहित्य तपासणी चालकाने केली नाही.' वाक्य खरं होतं. तपासणी झाली नव्हती. मी ती करू दिली नाही, हे दुसरं वाक्य लिहायचं होतं, ते मी लिहिलं नाही. त्या अधिकाऱ्याने तुला विचारलं, काही सांगायचं आहे का. तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. मग म्हणालास, "साहेबांनी लिह्यलं ते बरोबरच असन."

सहा महिने तुला घरी बसवलं. मग बोलावलं तेव्हा तू आला नाहीस, किल्ली गणेशच्या हाती पाठवलीस. माझ्या निवृत्तीला तेव्हा थोडेच दिवस राहिले होते. शाल, नारळ, भाषणं. एका पाहुण्याने तर माझ्या कवितेच्या नियमाचं कौतुक केलं. मला ते सगळं हवं होतं, दयाराम. खोटं कशाला सांगू. शाळेत असताना पाठ म्हणून दाखवल्यावर गुरुजी पाठीवर हात ठेवायचे, तसा एक हात मला पाहिजे होता.

एक गोष्ट अजून. पाणी किती वेळ बंद होतं, असंही चौकशीत विचारलं होतं. मी 'अंदाजे अर्धा मिनिट' लिहिलं. ते खोटं होतं. आग पाहिली की माझ्या मनात कविता आपोआप सुरू व्हायची, त्या दिवशीही झाली. तीन कडवी झाली, बारा ओळी. गुरं पाणी पिऊन परतली तेव्हा आपलं पाणी आलं. एक मिनिटाच्या वर गेलं. त्यात दुसरी गंजी गेली, तो दोष माझा. सोजराबाई मात्र आपण पंप देण्याआधीच आवारातल्या तिच्या झोपडीत शिरली होती, तिचं जळणं कोणाच्या हातात नव्हतं.

उद्या पूनमताईंकडे जातो. त्यांना सांगतो, आणि नवमीला सगळ्यांसमोर सांगतो. तू आलास तर तुझ्यासमोर. नाही आलास तरी सांगतो.

नारायणराव

•

धामणखेड, एसटी स्टँड
गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

दयाराम,

हे मांडीवर वही ठेवून लिहितोय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. चिखलीची गाडी यायला अवकाश आहे. तिथून पुढे देऊळगावची धरायची. शेजारी एक बाई आपट्याच्या पानांचा भारा घेऊन बसली आहे आणि मला विचारून राह्यली, "बाबा, कोणाले लिह्यता?" मी म्हटलं, ज्याच्याकडे चाललो त्यालाच. ती म्हणाली, "मंग बोलजाल न तिथं." तिला काय सांगू, तिथे गेल्यावर मला बोलता येणार नाही म्हणून हे.

काल नवमी झाली. केंद्राच्या आवारात मांडव, नवी लाल गाडी, झेंडूचे हार. मी फाटकाकडे तीन-चारदा पाहिलं. तू नव्हतास. दगड होता, त्याला कोणी तरी ताजा शेंदूर लावला होता. गणेशचं काम असावं.

पूनमताईंना मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी वही काढून त्या ओळीवर काट मारली. मग म्हणाल्या, "सर, नवमीला नुसतं सांगू नका. सांगून कळत नाही. दाखवू."

तर काल मी उभा राहून सांगितलं. फूल माझं, गाठ माझी, हुकूम माझा, दयारामचा काहीच दोष नव्हता. मांडवात न्हावीही होता. मग पूनमताईंनी ब्रँचमध्ये तसाच नाडा बांधलेला गेंद घातला, काठीने आत दाबला, होज लावला आणि पंप द्यायला लावला. होज फुगला. थेंब नाही. गणेशने खाली मान घातली आणि रुमाल डोळ्यांना लावला. त्याला आजवर वाटत होतं की त्यानेच ब्रँचमध्ये नीट बघितलं नाही. एकोणीस वर्षं, दयाराम. तू एकटा नव्हतास. मी दोघांना जिनिंगच्या त्या आवारात उभं करून ठेवलं होतं.

फूल काढून पाणी सुरू झालं, पार समोरच्या लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेलं. पूनमताई म्हणाल्या, यापुढे ब्रँचचा कलश होईल, पण त्यात फूल नाही, पाणीच. पूजा झाली की लगेच पाणी सोडून बघायचं, तोच प्रसाद.

मी हलका होऊन घरी आलो. खरंच हलका. अंगणात पाय धुतले आणि डिंपल म्हणाली, "बाबा, आज लाइटबिल नाही. कार्ड आलं तुमच्या नावानं."

तुझं कार्ड. माझ्यासमोर आहे, तरी उतरवून काढतो, म्हणजे मला पुन्हा वाचावं लागेल.

'साहेब, नमस्कार. तिन्ही पत्रं पोचले. फूल मीच उपसलं. नाड्याची गाठ तवाच वळखली. कोणाले सांगितलं नाही. तुम्ही सांगसान म्हणून वाट पाह्यली. एक दुरुस्ती हाय. तीन कडवे नाही, चार झाले. तिसरं सरलं तवा सोजरामाय भाईर होती, लिंबाखाली. मी बी म्हणत होतो. दयाराम.'

मी ते उभ्यानेच दोनदा वाचलं. डिंपलने पाणी आणून दिलं, काय झालं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, एकाला कविता येत होती.

तुला येत होती. अख्खी. पंपाशी उभा राहून, काट्यावर डोळे ठेवून, तू माझ्याबरोबर ओळी मोजत होतास. आणि मी तुला चार ओळी कमी सांगितल्या, नेमक्या त्याच, ज्यांत सोजराबाई आत गेली. चौकशीत खोटं बोललो, ते भीतीने. पत्रात खोटं बोललो, तिथे कोण होतं? तिथे तर तू आणि मीच होतो. खरं सांगू, मला आता ते खोटं म्हणून आठवतच नव्हतं. मी तेरावी ओळ कधी म्हणायचोच नाही. वर्षानुवर्षं तिसऱ्या कडव्याशी थांबायचो आणि वाटायचं, वयाने विसरतोय.

आज सकाळी आपट्याची पानं घेऊन आधी सोजराबाईकडे गेलो. ती बाजारपेठेच्या मागे लेकीकडे राहते, त्या छकुलीकडे. बाजेवर बसली होती. मी पान पुढे केलं. तिची बोटं मिटत नाहीत, तिने दोन्ही मनगटांत धरून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, इतक्या सालाचं सोनं आज आठवलं?"

मी तिला सगळं सांगितलं. फूल, हुकूम, सोळा ओळी. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी अंदर काऊन गेली, मालूम हाय तुम्हाले?"

मी नाही म्हटलं.

"छकुलीचं दप्तर होतं खोपीत. नवं. मी तं लिंबाखाली उभी होती. बंब आला, आता पानी येते म्हणून पाहून राह्यली होती. पाह्यलं, पाह्यलं, येतच नाही. मंग गेली." तिने पान मांडीवर ठेवलं. "मी इतके साल म्हणत होती, माह्या नशिबात पानी नव्हतं. नशीब नव्हतं मंग ते. तुम्ही होते."

मी हात जोडले. ती म्हणाली, "हात नोका जोडू, मले जोडता येत नाही." आणि मग, "दयारामभाऊ दर भाऊबीजेले येते. एक साल चुकला नाही. लुगडं आणते, माह्या हातानं वाटीतलं तेल लावून घेते कपाळाले. मले वाटे, बिचारा आपली चूक फेडून राह्यला. साहेब, कोणाची फेडत होता मंग तो?"

निघताना मी विचारलं, परत येऊ का. ती म्हणाली, "पह्यले त्याच्याकडं जा. त्यानं घरात घेतलं तं मंग या."

म्हणून चाललो. पत्र पेटीत टाकत नाही, हातानेच आणतोय. खिशात आपट्याची दोन पानं आहेत. पिशवीत दगड आहे. हसू नको. पूनमताईंना मागितला, कुंडीला विटेचा टेकू दिला मी. तुझाच तो, त्याने आपलं काम चोख केलं. तुझ्या अंगणात राहू दे.

पत्र लिहून झालं आणि पाऊण पान उरलं, तर मी कविता लिहून बघितली, इथे, मागच्या बाजूला. तेराव्या ओळीपासून हात अडखळत होता, पण आली. सगळी आली. सोळा. तू ताडून बघ.

बालाजीच्या देवळामागे विचारत विचारत घर शोधीन. कडी वाजवून हे पत्र दाराच्या फटीतून आत सारीन आणि बाहेर उभा राहीन. तू सावकाश वाच. मी बाहेर नदीची कविता म्हणतो, घाईने नाही, गुरुजींनी शिकवली तशी. गुरं पाणी पिऊन जातील, नदी समुद्राला मिळेल. तोवर दार उघडलं नाहीस तर मी पुन्हा डोंगरापासून सुरू करीन.

गाडी आली.

नारायणराव